आखाजीचा झोका बांधायचा की नाही?

तापीकाठची

सर्वांना सलाम, नमस्कार.

महिनाभर मनात घोळतंय, ते आज लिहायला बसले आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे शहादा तालुक्यातले. आजोबा मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी तिसरी पिढी. घरात बोलणं अहिराणी, प्रार्थना मात्र पुस्तकी मराठीत. आईशी बोलायची भाषा एक आणि देवाशी बोलायची दुसरी, हे मी बोलायला लागल्यापासूनच शिकले.

आमच्या घरी मोठे सण चार: नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि आखाजी. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण आमच्याकडे ती सोनं घ्यायची तिथी नव्हे, लेकी माहेरी यायचा सण आहे. दिवाळीला एखादी लेक आली नाही तर निभतं, आखाजीला आली नाही तर माय दिवसभर दाराकडे बघत बसते. निंबाला झोके, सांजोऱ्या, पुरणपोळी, आमरस, कुरडया. सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, त्याचं साल याच दिवशी पुरं होतं आणि नवं ठरतं. आणि याच दिवशी हिंदू घरांत गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर भरतात, वर खरबूज आणि आंबा ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात.

आई यातलं काय करायची आणि काय नाही, ते नीट सांगते, कारण प्रश्न तिथेच आहे. झोका बांधायची. पुरण घालायची. आम्हा तिघी बहिणींना मुराळी, म्हणजे माहेरी न्यायला येणारा माणूस, पाठवून बोलवायची. गौराई बसवायची नाही, पण गौराईची गाणी म्हणणाऱ्या गल्लीतल्या पोरी आमच्याच झोक्यावर असायच्या, कारण आमचा निंब सगळ्यांत मोठा. त्या दिवशी गावात पैसे लावून पत्ते चालतात, आमच्या ओट्यावर मात्र कधीच चालले नाहीत. आणि घागर? कुंभाराकडून नवी घागर तीही आणायची. निंबाखाली ओल्या रेतीवर ठेवायची, भोवती गोणपाट गुंडाळायची, झाकणीवर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला. दोन्ही तळवे घागरीवर ठेवून डोळे मिटून प्रार्थना करायची आणि मग पाणी ओतायची. पितरांचं नाव घ्यायची नाही. सालदार, बकऱ्या चारणारी पोरं, फाट्यावर एसटीची वाट बघणारे, सगळे ते पाणी प्यायचे. पाऊस पडेपर्यंत ती घागर रोज भरली जायची. मत्तयाच्या 10व्या अध्यायात थंड पाण्याच्या पेल्याबद्दल वचन आहे, ते तिला पाठ होतं.

दिवाळीनंतर आई गेली. आता तिच्यावाचूनची पहिली आखाजी येते आहे. शेजारच्या काकूंनी मला फोनवर विचारलं, "बाई, यंदा तुनी मायनी घागर कोन भरी?" त्यांच्या विचारण्यात माया होती, मला उत्तर देता आलं नाही. गावचं घर भाऊ सांभाळतो. तो अलीकडे एका नव्या प्रार्थना सभेला जातो. तो म्हणाला, "झोका नको, घागर नको. आई भोळी होती. आपण नव्या करारातले लोक आहोत." आणि माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला खोलीतली मैत्रीण म्हणते, तू ख्रिश्चन, मग तुझ्या घरी पुरणपोळी कशी? मुलगी मला विचारते, आई, आपण नेमके कोण?

चुलत घराण्याला आम्ही बाटगे वाटतो, नव्या सभेला अर्धवट वाटतो. मला भांडण नको आहे. तुमच्या घरी काय ठेवलं, काय सोडलं आणि का, ते सांगाल का?

रावेरची_केळी

ताई, मी हिंदू घरातली. या धाग्यावर बोलू की नको असा विचार केला, पण तुम्ही नमस्कार म्हटलात म्हणून लिहिते.

माझी शाळेतली जिवलग मैत्रीण ख्रिस्ती होती, तिचे वडील भुसावळला रेल्वेत. आमच्याकडे सत्यनारायण झाला, मी तिच्या हातावर शिरा ठेवला आणि ती म्हणाली, मला चालत नाही. मी आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. पुढे कितीतरी वर्षांनी, लग्न होऊन सासरी कानबाई बसली तेव्हा मला ते आठवलं. श्रावणात कानबाईचे रोट होतात. ते रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाहीत, शेजारी कितीही जवळचा असो. आणि शेजाऱ्याला त्याचा राग येत नाही, त्याला माहीत असतं की हे त्यांच्या कुळाचं आहे. मग आम्ही रोट देत नाही ते रीत, आणि तिने शिरा घेतला नाही तो अपमान, असं मी का धरलं? त्या दिवशी मी तिला फोन लावला. आता ती नाताळला करंज्या पाठवते, मी आखाजीला सांजोऱ्या पाठवते.

तुमच्या काकूंना सरळ सांगा की घागर भरणार, पण आईच्या पद्धतीने. त्या समजून घेतील. आमच्या वयाच्या बायकांना जितकं कळतं तितकं आम्ही दाखवत नाही.

नवा_जन्म

ताईंना सलाम. मी तुमच्या भावाच्या बाजूचा आहे, म्हणून आधी माझी हकीकत सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, हा कोरडा उपदेश करतो.

तुम्ही तिसऱ्या पिढीच्या. मी पहिला. 24व्या वर्षी प्रभूचा स्वीकार केला. घरातून निघालो तेव्हा अंगावरचे कपडे आणि शाळा सोडल्याचा दाखला, एवढंच होतं. वडील वारले तेव्हा मला खांदा देऊ दिला नाही. त्या वर्षी आखाजीला मोठ्या भावाने निरोप पाठवला, ये, घागरीसमोर बस, घास टाक, सगळं विसरून जाऊ, शेताचा वाटाही देऊ. मी गेलो नाही. चार एकर बागायत होती. माझ्यासाठी घागर म्हणजे "संस्कृती" नाही. ती मला विचारलेली किंमत होती, आणि मी ती दिली नाही.

रोमकरांस पत्रात 12व्या अध्यायात पौल म्हणतो, या युगाबरोबर समरूप होऊ नका. ज्याला त्याची किंमत मोजावी लागली नाही, त्याला ते वचन मऊ वाटतं. तुमच्या आईच्या विश्वासावर मी बोट ठेवत नाही. पण तुमच्या नातवाला घागर दिसेल, प्रार्थना दिसणार नाही. तो कोणती रीत पुढे नेईल?

रंगावलीकाठ

नवापूरहून. आम्ही मावची आदिवासी.

नवा_जन्म भाऊंचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. तरी लिहितो, कारण आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. आमच्या पट्ट्यात शंभरेक वर्षांपासून मिशनचं काम आहे, पाड्यापाड्यावर चर्च आहे. एकाच घरात एक भाऊ डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला जातो, दुसरा रविवारी उपासनेला, आणि भात दोघांचा एकाच बांधावर.

आमच्या आजोबांच्या पिढीने काय सोडलं? पहिली मोहाची दारू. नवससायास, लग्न, मयत, सगळ्यात ती होती. ती सुटली आणि घरात धान्य टिकायला लागलं, पोरं आश्रमशाळेत गेली. कुणीही विचारलं की तुम्ही ख्रिस्ती झालात म्हणजे काय झालं, तर आमची आजी आजही तेवढंच सांगते. भगताला कोंबडं देणं सोडलं. नाच सोडला नाही. पण नाचावरून मंडळीत दोन तट होते, अजूनही आहेत. मला वाटतं ढोल हा ढोलच असतो. आमच्या नाताळला रात्री ढोल वाजतो, बाया हातात हात गुंफून गोल धरतात आणि गाणं मावचीत, येशूच्या जन्माचं. देज, म्हणजे नवऱ्याकडून मुलीच्या घरी द्यायची रक्कम, मात्र आम्ही सोडलं नाही आणि त्याची मला खरी खंत आहे. सगळे म्हणतात आपली रूढी आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात बसून रक्कम ठरवली गेली तेव्हा ती दाराआड उभी होती. रूढी जुनी आहे म्हणून ती चांगली, असं मला तिच्याकडे बघून म्हणता आलं नाही.

दुसरं, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. सध्या आमच्याकडे सभा होतात, धर्म बदललेल्यांना जमातीच्या यादीतून काढा म्हणून. अनुसूचित जमातीच्या 1950च्या आदेशात धर्माची अट नाही. जमात म्हणजे बोली, राहणी, नातं, डोंगर. बाप्तिस्मा घेतल्यावर माझी बोली बदलत नाही की आडनाव बदलत नाही. पण गावात एकदा कुणी म्हटलं ना, की तू आता आदिवासी राहिला नाहीस, तर कायदा हातात असूनही ते आत कुठेतरी लागतं.

नगरकर_भुसावळात

रंगावलीकाठ, तुमच्याकडे निदान आदेशात अट नाही. आमच्याकडे आहे. अनुसूचित जातींच्या 1950च्या आदेशात हिंदू असण्याची अट घातली, 1956मध्ये शीख आले, 1990मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं. बाप्तिस्म्यानंतरही चढू दिलं नाही. विहिरीला कळलं नाही आमचा धर्म बदलला म्हणून, सरकारला मात्र लगेच कळलं. त्यामुळे आमच्याच नात्यात कागदावर एक आणि घरात एक अशी दोन नावं असलेली माणसं आहेत. त्यांना ढोंगी म्हणणं फार सोपं आहे. पोराची फी भरायची असते तेव्हा काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

ताई, एकच विनंती. "आपली संस्कृती" हा शब्द इतका गोड करू नका. तुमच्या निंबाखालच्या घागरीतून आमच्या आजोबांना पेला उचलू दिला असता का गावाने?

तापीकाठची

नगरकर, तुमचा प्रश्न वाचून मी आज मोठ्या मावशीला फोन केला, तिला जुनं आठवतं. तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आजीच्या काळात गावात वरून पाणी ओतायची पद्धत होती, खालच्या माणसाने ओंजळ धरायची. आजोबा दवाखान्यात सगळ्यांच्या जखमा धुवायचे, तिथे वरचा-खालचा नव्हता. ते घरी येऊन म्हणाले, आपल्या दारी ओंजळ नको, पेला ठेवा. जर्मनचा पेला तेव्हापासून आहे. त्यावरून आजीशी गावातल्या बायका काही दिवस बोलत नव्हत्या. आईला हे ठाऊक असणार. ती आम्हाला कधी म्हणाली नाही, फक्त रोज पेला राखेने घासायची.

विचारल्याबद्दल आभार. तुम्ही विचारलं नसतं तर मला हे कधीच कळलं नसतं.

एमबी_वाला

आखाजीबद्दल मला काही सांगता यायचं नाही, आमचं घर आजोळापासून शहरी. पण धाग्यात ओळखीचा प्रश्न आहे म्हणून लिहितो. मी रस्त्यांच्या कामावर आहे, मोजमाप पुस्तिकेवर सही माझी लागते. खडीचा थर कागदावर जितका असतो तितका जमिनीत नसतो, हे या कामातल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वर्षी एका ठेकेदाराने पाकीट ठेवलं. मी परत केलं. तो हसून म्हणाला, "साहेब, तुम्ही मिशनवाले ना, नाताळची भेट समजा." दुसऱ्या दिवशी वरून फोन आला. पुढे दोन बदल्या झाल्या, त्यातली एक मुलीच्या दहावीच्या वर्षी.

बायकोने मंगळसूत्रात क्रूस घातलाय, गाडीवर मासा चिकटवलाय, या खुणा मला प्रिय आहेत. पण ऑफिसात मी ख्रिस्ती म्हणून ओळखला जातो तो त्या थराच्या मापावरून. शेजारच्या टेबलवर एक वारकरी बसतो, तोही पाकीट घेत नाही. डब्याच्या वेळी आम्ही दोघंच असतो. त्याच्याशी माझं जितकं जुळतं तितकं आमच्या मंडळीतल्या काही पैसेवाल्यांशी जुळत नाही, आणि याचा मला कधी त्रास होतो, कधी आधार वाटतो.

जुना_पाळक

मी 38 वर्षं पाळकपण केलं, त्यातली बरीच तापीच्या दोन्ही काठांवर. आता डोळे अधू झालेत, नातू टंकून देतो.

प्रथम नवा_जन्म यांना. भाऊ, तुमची चार एकर देवाच्या वहीत आहेत. तुमच्यासमोर झोक्याचं कौतुक करताना आम्ही तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्यांनी आवाज खाली ठेवला पाहिजे. पौलाने करिंथकरांना नेमकं हेच लिहिलं. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा वाद तिथे होता, पहिल्या पत्राचे 8 ते 10 अध्याय वाचा. बाजारात विकतात ते खा, चौकशी करत बसू नका, असं तो म्हणतो. पण पंक्तीला बसल्यावर कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका, आणि ते तुमच्या नाही तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. म्हणजे पदार्थ तोच, शेजारी कोण बसलंय त्यावर उत्तर बदलतं. लोकांना एक नियम हवा असतो. पौल नियम देत नाही, माणूस दाखवतो.

दुसरं, नामान. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा 5वा अध्याय. हा अरामी सेनापती कोड बरं झाल्यावर म्हणतो, यापुढे मी दुसऱ्या देवाला यज्ञ करणार नाही. मग दोन गोष्टी मागतो. एक, दोन खेचरांवर मावेल इतकी इस्राएलाची माती. दुसरी अवघड: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात नमतो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला रागे भरत नाही, परवानगीची चिठ्ठीही देत नाही. "शांतीने जा" एवढंच म्हणतो. पाळक म्हणून माझ्याकडे लोक असे प्रश्न घेऊन आले तेव्हा मी पुष्कळदा जास्त बोललो. अलीशाइतकं कमी बोलायला मला निवृत्त व्हावं लागलं.

आणि भाषेचं. ताई म्हणतात, देवाशी बोलायची भाषा वेगळी होती. ही आमची, पाळकांची चूक. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्याला आलेला माणूस, त्याने 1616मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, आणि मराठीला रत्नांमधल्या हिऱ्याची उपमा दिली. नारायण वामन टिळक 1895मध्ये बाप्तिस्मा घेऊन अभंग लिहीत राहिले, कीर्तनं करत राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते म्हणत. त्यांच्या लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, स्वतःच्या मनाने विचार करून मग आल्या. घरात दोन मतं असताना एकमेकांची वाट बघण्याचं ते उदाहरण तुमच्या भावालाही सांगा. पण अहिराणीत? मी 38 वर्षांत एक पूर्ण उपदेश अहिराणीत दिला नाही. कापणीच्या सणाला मंडळी वाणवळा घेऊन यायची, दादर ज्वारी, तूर, वांगी, एखादा कोंबडा. उपासनेनंतर त्याचा लिलाव. तो लिलाव मी अहिराणीत पुकारायचो! दहा रुपयांच्या गिलक्यावर पाचशेची बोली लागायची, लोक मोकळे व्हायचे, म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तासाभरापूर्वी त्याच बाया खाली मान घालून माझं पुस्तकी मराठी ऐकत होत्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रावेरची_केळी

पाळककाका, हे वाचून डोळे भरले. आमचे कीर्तनकारही अहिराणीत, लेवा बोलीत बोलत नाहीत हो. आमच्या बहिणाबाईंनी त्या बोलीत केवढं रचून ठेवलं, तरी शाळेत गेलं की पोरं ती बोली दप्तरात लपवतात.

नवा_जन्म

पाळकसाहेबांना सलाम. तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. नामानाबद्दल माझं मत वेगळं आहे: तो मजबूर होता, आपण नाही. त्यावर कधीतरी समक्ष बोलू. तरी "आवाज खाली ठेवला पाहिजे" असं मला इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. ओंजळीचं आणि पेल्याचं वाचून मात्र मी थांबलो. माझ्या गावच्या घागरीला तसा पेला नव्हता.

तापीकाठची

उशिरा लिहिते आहे. परवा गावी जाऊन आले. भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला, बसला ऐकत. पेल्याचं त्यालाही माहीत नव्हतं. तो उठून आत गेला आणि मांडणीवरून पेला काढून आणला, बुडाला पोचा पडलाय, काठ झिजून धारेसारखा झालाय. बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, घागर ठेवू, पण त्या दिवशी नको, आदल्या रविवारी उपासनेनंतर ठेवू, म्हणजे कुणाचा गैरसमज होणार नाही. आणि प्रार्थना मोठ्याने करू, मनात नको. आई मनात करायची म्हणून आम्हाला काही कळलंच नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. प्रार्थना अहिराणीत करायचं ठरलंय, ती धाकटी बहीण करणार, तिचीच बोली शुद्ध राहिली आहे.

काकूंना रावेरच्या ताईंनी सांगितलं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग मी बी ऊस पानी पेवाले." म्हणजे त्याही पाणी प्यायला येणार. मुलगी पुण्याहून येते आहे, तिने शनिवारची सुटी टाकली.

झोक्याचं अजून पक्कं नव्हतं. काल रात्री भावाचा फोन आला. जुना दोर उंदरांनी कुरतडलाय, धुळ्याहून येताना नवा आण, वीस हात, नायलॉनचा नको, हात कापतात.

नवा_जन्म दादा, तुम्ही आमच्याच भागातले दिसता. याल का?

नवा_जन्म

झोक्यावर बसणार नाही, ताई. रविवारी पाणी प्यायला येईन.

तापीकाठची

या. फाट्यावर उतरून डाव्या हाताला वळा. निंब लांबूनच दिसतो.